ट्रूमन यांचा १९४८ चा आदेश: अमेरिकी लष्करातले वर्णपृथक्करण प्रत्यक्षात कसे संपले?

सह्यवासी (धागाकर्ता)

राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन यांनी २६ जुलै १९४८ रोजी आदेश क्रमांक ९९८१ काढून अमेरिकी सैन्यातले वर्णपृथक्करण संपवले, असे दरवर्षी दिनविशेषात वाचायला मिळते. तारीख आणि आदेशाचा क्रमांक दोन्ही बरोबर आहेत, पण त्या दिवशी भूदलातली एकही वेगळी तुकडी बरखास्त झाली नाही. दोन वर्षांनी कोरियात युद्ध पेटले तेव्हा २४वी इन्फन्ट्री रेजिमेंट कृष्णवर्णीय सैनिकांची स्वतंत्र रेजिमेंट म्हणूनच आघाडीवर गेली, आणि भूदलातली शेवटची वेगळी तुकडी मोडायला १९५४ साल उजाडले. मधल्या सहा वर्षांत ज्या लोकांनी चिकाटीने काम केले त्यांची नावे आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नाहीत, म्हणून हा धागा काढत आहे.

आधी दुसऱ्या महायुद्धातले चित्र पाहू. सप्टेंबर १९४० मध्ये अमेरिकेने शांतताकाळातली पहिली सक्तीची लष्करभरती सुरू केली आणि युद्ध संपेपर्यंत सुमारे एक कोटी साठ लाख स्त्री-पुरुषांनी गणवेश चढवला. त्यांत दहा लाखांहून अधिक कृष्णवर्णीय होते. त्यांच्या बराकी, भोजनगृहे, चित्रपटगृहातल्या रांगा, सारेच वेगळे होते. जखमींसाठी जमा केलेले रक्तसुद्धा दात्याच्या वर्णानुसार वेगळे साठवले जाई आणि रेड क्रॉसने ही पद्धत १९५० पर्यंत चालू ठेवली. बहुतेकांच्या वाट्याला बंदुकीऐवजी फावडे, ट्रकचे चाक किंवा गोदीतली हमाली येई. नॉर्मंडीतून फ्रान्समध्ये घुसलेल्या फौजांना इंधन आणि दारूगोळा पोहोचवणारी ‘रेड बॉल एक्स्प्रेस’ ही ट्रकवाहतूक ऑगस्ट ते नोव्हेंबर १९४४ या काळात चालली आणि तिचे सुमारे तीन चतुर्थांश चालक कृष्णवर्णीय होते. आसामातल्या लेडोपासून ब्रह्मदेशाच्या जंगलातून चीनकडे जाणारा रस्ता बांधणाऱ्या सुमारे पंधरा हजार अमेरिकी सैनिकांतही निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीयच होते.

लढण्याची संधी मिळाली ती अपवादाने. टस्कीगी येथे वेगळे प्रशिक्षण घेतलेले वैमानिक इटलीच्या आकाशात लढले. कृष्णवर्णीयांची ७६१वी रणगाडा बटालियन नोव्हेंबर १९४४ पासून जनरल पॅटन यांच्या सैन्यातून फ्रान्स आणि जर्मनीत लढली. तरीही त्या युद्धासाठीचे ‘मेडल ऑफ ऑनर’ हे सर्वोच्च शौर्यपदक एकाही कृष्णवर्णीय सैनिकाला त्या वेळी मिळाले नाही. १९९७ मध्ये सात जणांना ते देण्यात आले तेव्हा त्यांतले एकटे व्हर्नन बेकर हयात होते.

या सगळ्यात एक प्रयोग मात्र नकळत घडला. डिसेंबर १९४४ मध्ये आर्देनच्या जंगलात जर्मनांनी अनपेक्षित हल्ला चढवला, पायदळाला माणसे कमी पडू लागली आणि पुरवठा विभागाचे प्रमुख जनरल ली यांनी आपल्या हाताखालच्या कृष्णवर्णीय सैनिकांना आघाडीवर येण्याचे आवाहन केले. सुमारे साडेचार हजार जण पुढे आले. अट अशी होती की सार्जंटांनी आपला हुद्दा सोडून साधे शिपाई म्हणून यायचे, कारण गोऱ्या सैनिकांवर त्यांचा हुकूम चालता कामा नये. ती अटही शेकडो जणांनी मान्य केली. सव्वादोन हजारांच्या आसपास माणसे निवडून त्यांच्या प्लाटूनी बांधल्या गेल्या आणि मार्च १९४५ मध्ये त्या गोऱ्या कंपन्यांना जोडून दिल्या. युद्धानंतर लष्कराच्याच संशोधन शाखेने त्या कंपन्यांतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना आणि सार्जंटांना विचारले, तेव्हा तीन चतुर्थांशांहून अधिक लोकांनी आपले मत आता अधिक अनुकूल झाल्याचे सांगितले. वरिष्ठांनी हा अहवाल त्या वेळी बाहेर येऊ दिला नाही. मला हे फार खेदाचे वाटते, कारण पुढची पाच-सहा वर्षे ज्या शंका पुन्हा पुन्हा उपस्थित केल्या गेल्या त्यांचे उत्तर लष्कराच्या कपाटात आधीपासूनच पडून होते.

आता आदेशाकडे वळू. त्यात सैन्यदलांतील सर्व व्यक्तींना वंश, वर्ण, धर्म किंवा मूळ देश न पाहता समान वागणूक आणि समान संधी मिळावी, असे धोरण जाहीर केले आहे, आणि कार्यक्षमता व मनोधैर्य न बिघडवता ते शक्य तितक्या लवकर अमलात आणावे, असे म्हटले आहे. पृथक्करण बंद करा, असे त्यात कोठेही लिहिलेले नाही. लष्करप्रमुख ओमर ब्रॅडली यांनी त्याच सुमारास सामाजिक सुधारणा घडवणे हे लष्कराचे काम नाही अशा अर्थाचे विधान केले आणि नंतर त्यांना ट्रूमन यांच्याकडे खुलासा करावा लागला. स्वतः ट्रूमन यांनी मात्र पत्रकारांच्या प्रश्नाला उत्तर देताना पृथक्करण संपवणे हाच हेतू असल्याचे मान्य केले.

आदेशाची खरी ताकद होती ती त्याखाली नेमलेल्या समितीत. माजी सॉलिसिटर जनरल चार्ल्स फाही तिचे अध्यक्ष होते. भूदलाचे म्हणणे असे होते की वेगळ्या तुकड्या ठेवूनही समान संधी देता येते. फाही यांनी या वादात नीतिमत्तेचा मुद्दा जवळजवळ आणलाच नाही. समितीचे कार्यकारी सचिव ई. डब्ल्यू. केनवर्दी यांनी लष्कराचीच कागदपत्रे मागवली आणि कोणत्या प्रशिक्षण अभ्यासक्रमात कृष्णवर्णीयांना प्रवेश आहे याची मोजणी केली. पाचपैकी जवळपास चार अभ्यासक्रम त्यांना बंद असल्याचे त्यातून निघाले. कारण साधे होते. प्रशिक्षण कोणाला द्यायचे हे पुढे जागा कोठे रिकामी आहे यावर ठरे, आणि वेगळ्या तुकड्यांत रडार दुरुस्त करणाऱ्याची किंवा तशाच तांत्रिक कामाची जागाच मंजूर नसे. म्हणजे हुशार तरुण भरती झाला तरी त्याला शिकवायचे नाही, आणि दुसरीकडे त्याच कामासाठी माणसे मिळत नाहीत अशी ओरड करायची. सेनाधिकारी कार्यक्षमतेच्या नावाखाली ज्या व्यवस्थेचे समर्थन करत होते तीच व्यवस्था मनुष्यबळ वाया घालवत आहे, हे फाही यांनी त्यांच्याच आकड्यांनी दाखवले.

दुसरी अडचण होती दहा टक्क्यांच्या मर्यादेची. युद्धानंतर भूदलाने ठरवले होते की कृष्णवर्णीयांचे प्रमाण लोकसंख्येतल्या प्रमाणाएवढे, म्हणजे सुमारे दहा टक्केच राहील. ही मर्यादा उठवण्यास भूदल शेवटपर्यंत तयार नव्हते. केनेथ रॉयल यांच्यानंतर भूदलमंत्री झालेल्या गॉर्डन ग्रे यांनी मार्च १९५० मध्ये ती उठवणे अखेर मान्य केले, तेही प्रमाण हाताबाहेर गेले तर मर्यादा पुन्हा लागू करता येईल अशी मुभा ट्रूमन यांच्याकडून घेऊन. नव्या भरतीतले कृष्णवर्णीयांचे प्रमाण मार्चमध्ये आठ टक्क्यांच्या आसपास होते, ते एप्रिलमध्ये २२ टक्क्यांवर गेले. जूनच्या शेवटी कोरियात युद्ध सुरू झाले. माझ्या मते या घटनांचा क्रम लक्षात घेतल्याशिवाय पुढचे काही कळत नाही.

वैदेही_द

सह्यवासी, उत्तम धागा. आपल्या लेखात स्त्रियांविषयी लिहायचे राहून गेले म्हणून ६८८८व्या टपाल बटालियनविषयी थोडे लिहिते.

फेब्रुवारी १९४५ मध्ये मेजर चॅरिटी अॅडम्स यांच्या नेतृत्वाखाली ही बटालियन इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला पोहोचली. एकूण ८५५ स्त्रिया, जवळपास सगळ्या कृष्णवर्णीय. तिथल्या गोदामांत युरोपातल्या अमेरिकी सैनिकांची पत्रे आणि पार्सले अक्षरशः छतापर्यंत साचली होती. काचा काळ्या रंगाने झाकलेल्या, खोल्या थंडगार, आणि नातेवाइकांनी पाठवलेल्या खाऊच्या पुड्यांना उंदीर लागलेले. एकाच नावाचे शेकडो सैनिक असत, म्हणून प्रत्येकाचा लष्करी क्रमांक असलेली लक्षावधी कार्डे तयार करून योग्य माणूस शोधावा लागे. आठ-आठ तासांच्या तीन पाळ्यांत काम चाले आणि एका पाळीत सुमारे ६५,००० पत्रे मार्गी लागत. सहा महिन्यांचे ठरवून दिलेले काम तीन महिन्यांत संपले आणि मग त्यांना फ्रान्समध्ये रूआँला तसाच ढीग उपसायला पाठवले.

घरचे पत्र आले नाही की सैनिकाचे मनोधैर्य खचते हे प्रत्येक सेनापती जाणून असतो, तरीही या कामाची दखल घेणारे काँग्रेसचे सुवर्णपदक मंजूर व्हायला २०२२ साल यावे लागले. तोवर त्यांतल्या अगदी मोजक्या जणी उरल्या होत्या.

जुना_वाचक

लेखातला फाही समितीचा भाग मला नवा होता, त्याबद्दल आभार. पण एक शंका मनात राहते. १९४८ हे निवडणुकीचे वर्ष होते. जुलैच्या मध्यात फिलाडेल्फियाला डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिवेशन झाले, ह्युबर्ट हम्फ्री यांच्या पुढाकाराने पक्षाच्या जाहीरनाम्यात नागरी हक्कांचे कलम मंजूर झाले, दक्षिणेतले काही प्रतिनिधी उठून गेले आणि स्ट्रॉम थरमंड यांना उमेदवारी देणारा वेगळा पक्ष उभा राहिला. त्यानंतर दोनच आठवड्यांत हा आदेश निघाला. दक्षिण हातची गेली आहे, तेव्हा उत्तरेकडच्या शहरांतली कृष्णवर्णीय मते तरी राखावीत, असा हा सरळ हिशेब नव्हता का? ट्रूमन यांचे आजोबा-आजी गुलाम बाळगणारे होते आणि त्यांची स्वतःची खासगी भाषाही सभ्य नव्हती, हे त्यांच्या चरित्रकारांनी लपवलेले नाही.

सह्यवासी

जुना_वाचक, निवडणुकीचा हिशेब होता हे मी नाकारत नाही. सल्लागार क्लार्क क्लिफर्ड यांनी तो लेखी मांडला होता. पण केवळ तेवढ्याने आदेशाची वेळ समजत नाही, कारण त्याच महिन्यांत ए. फिलिप रँडॉल्फ यांनी सरकारची कोंडी केली होती.

रँडॉल्फ हे रेल्वेच्या शयनयान डब्यांतल्या पोर्टरांच्या संघटनेचे पुढारी. १९४१ मध्ये वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याची तयारी करून त्यांनी रूझवेल्ट यांच्याकडून संरक्षण उद्योगांतल्या नोकरीतला भेदभाव बंद करणारा आदेश मिळवला होता. गांधीजींच्या सत्याग्रहाचा त्यांच्यावर आणि त्यांचे सहकारी बायर्ड रस्टिन यांच्यावर खोल प्रभाव होता. १९४८ मध्ये शीतयुद्धामुळे सक्तीची भरती पुन्हा आणायचे ठरले तेव्हा रँडॉल्फ मार्चमध्ये आधी ट्रूमन यांना भेटले आणि मग सिनेटच्या सैन्यविषयक समितीपुढे साक्षीला गेले. पृथक्करण कायम ठेवून भरतीचा कायदा केलात तर मी तरुणांना, गोऱ्यांनाही, नाव नोंदवू नका असे जाहीरपणे सांगेन, असे त्यांनी तिथे सांगितले. सिनेटर वेन मोर्स यांनी हा देशद्रोह ठरू शकतो याची जाणीव करून दिली, तरी ते मागे हटले नाहीत. भरतीचा कायदा २४ जूनला झाला, आदेश २६ जुलैला निघाला आणि ट्रूमन यांच्या हेतूविषयी खात्री झाल्यावर ऑगस्टमध्ये रँडॉल्फ यांनी कायदेभंगाची मोहीम थांबवली.

मनात तत्त्व आणि मतांचा हिशेब एकाच वेळी असू शकतात. ट्रूमन यांच्या बाबतीत तत्त्वाच्या बाजूला एक माणूस उभा होता, सार्जंट आयझॅक वुडर्ड. त्याविषयी कोणी जाणकाराने लिहिले तर बरे होईल.

कोलंबियाकर

मी गेली बरीच वर्षे दक्षिण कॅरोलायनात राहतो, म्हणून वुडर्ड यांच्याविषयी लिहितो.

१२ फेब्रुवारी १९४६ रोजी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, पॅसिफिकमधली सेवा संपवून ते जॉर्जियातल्या कॅम्प गॉर्डनमधून सन्मानाने मुक्त झाले आणि त्याच संध्याकाळी गणवेशातच बसने पत्नीला भेटायला निघाले. वाटेत शौचालयासाठी बस थांबवता का असे त्यांनी विचारले, त्यावरून चालकाशी बोलाचाली झाली. पुढे बेट्सबर्ग गावात चालकाने पोलिसांना बोलावले. गावच्या पोलीस प्रमुखाने त्यांना दांडक्याने मारले, दोन्ही डोळ्यांवर घाव घातले आणि रात्रभर कोठडीत ठेवले. सकाळी त्यांना काहीच दिसत नव्हते. त्या अवस्थेत त्यांना न्यायाधीशापुढे उभे करून दंड ठोठावण्यात आला. त्यांची दृष्टी परत आली नाही.

त्या वर्षी सप्टेंबरमध्ये नागरी हक्क संघटनेचे वॉल्टर व्हाइट यांनी व्हाइट हाउसमध्ये हा प्रसंग सांगितला तेव्हा ट्रूमन हादरून गेले, असे तिथे हजर असलेल्यांनी नोंदवले आहे. ते स्वतः पहिल्या महायुद्धात तोफखान्याचे कॅप्टन होते आणि गणवेशातल्या माणसावर हात टाकला जाणे त्यांना सहन होण्यासारखे नव्हते. डिसेंबरमध्ये त्यांनी नागरी हक्कांसाठी समिती नेमली, १९४७ मध्ये तिने लष्करातले पृथक्करण संपवण्याची शिफारस केली. ऑगस्ट १९४८ मध्ये, म्हणजे आदेशानंतर, एका जुन्या मित्राने नागरी हक्कांचा नाद सोडा असे पत्र लिहिले तेव्हा ट्रूमन यांनी उत्तरात पुन्हा याच सार्जंटचा दाखला दिला. हे खासगी पत्र होते, त्यातून एकही मत मिळणार नव्हते.

केंद्र सरकारने पोलीस प्रमुखावर खटला भरला. नोव्हेंबर १९४६ मध्ये कोलंबियात तो चालला आणि सर्व गोऱ्यांच्या ज्युरीने अर्ध्या तासाच्या आत त्याला निर्दोष सोडले. न्यायाधीश वेटीज वेअरिंग हे चार्ल्सटनच्या जुन्या प्रतिष्ठित घराण्यातले होते. या खटल्याने ते इतके अस्वस्थ झाले की पुढे १९५१ मध्ये शाळांतल्या पृथक्करणाच्या खटल्यात त्यांनी वेगळा निकाल लिहिला आणि पृथक्करण हीच असमानता आहे असे स्पष्ट म्हटले.

बेट्सबर्गने २०१८ मध्ये वुडर्ड यांच्यावरचा तो दंडाचा निकाल रद्द केला आणि पुढच्या वर्षी गावात स्मृतिफलक लावला. फलकाच्या खालच्या भागात मजकूर ब्रेल लिपीत उठवलेला आहे. ज्यांच्या स्मृतीसाठी तो आहे त्यांनाही तो वाचता आला असता, हा विचार ज्याने कोणी केला त्याच्याविषयी मला आदर वाटतो.

अनामिक_पथिक

नौदलाचे काय? मी असे वाचले होते की नौदलाने हे सगळे १९४८ च्या आधीच केले होते.

सह्यवासी

अंशतः खरे आहे. फेब्रुवारी १९४६ मध्ये नौदलाने सर्व पदे सर्वांसाठी खुली केल्याचा आदेश काढला होता. व्यवहारात मात्र त्यानंतरही नौदलातले बहुसंख्य कृष्णवर्णीय अधिकाऱ्यांच्या भोजनगृहात वाढप्याचे काम करत राहिले. पर्ल हार्बरला विमानविरोधी बंदूक चालवून नेव्ही क्रॉस मिळवणारे डोरी मिलर हे त्याच शाखेतले होते.

नौदल बदलले त्यामागे पोर्ट शिकागोची घटना होती. १७ जुलै १९४४ च्या रात्री कॅलिफोर्नियातल्या त्या बंदरात दारूगोळा चढवताना स्फोट झाला आणि ३२० जण ठार झाले. त्यांतले २०२ कृष्णवर्णीय खलाशी होते, कारण चढवण्याचे काम त्यांच्याकडेच होते आणि त्यांना त्याचे धड प्रशिक्षण दिलेले नव्हते. काही आठवड्यांनी तेच काम पुन्हा करण्यास २५८ जणांनी नकार दिला. त्यांतल्या ५० जणांना बंडाच्या आरोपाखाली शिक्षा झाली. नौदलाने त्यांना दोषमुक्त केले ते २०२४ मध्ये.

हवाई दलाची गोष्ट वेगळी. स्टुअर्ट सिमिंग्टन यांच्या मंत्रिपदाखाली ते दल नवे होते, त्याला तांत्रिक माणसे हवी होती आणि १९४९ मध्ये त्याने आपल्या वेगळ्या तुकड्या झपाट्याने मोडल्या. अडून बसले ते भूदल.

निवृत्त_मेजर

मी भारतीय पायदळात सेवा केली आहे, म्हणून २४व्या रेजिमेंटविषयी माझे मत मांडतो. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अधिकृत इतिहासात या रेजिमेंटवर कठोर ताशेरे आहेत. सैनिक मागे पळत होते, ठाणी सोडत होते असे त्यात म्हटले आहे. हे सगळे खोटे ठरवता येणार नाही. पण पायदळाच्या माणसाने विचारायचे प्रश्न वेगळे असतात. जुलै-ऑगस्ट १९५० मध्ये कोरियात कोणती अमेरिकी रेजिमेंट मागे हटत नव्हती? जपानमध्ये आरामात ठेवलेल्या, अपुरी माणसे आणि जुनी शस्त्रे असलेल्या बहुतेक सगळ्याच तुकड्यांची तेव्हा वाताहत झाली होती. आणि ज्या कंपनीचा गोरा अधिकारी आपली नेमणूक शिक्षा समजतो, त्याच्यावर जवानांचा आणि जवानांवर त्याचा विश्वास कसा बसेल? जवान ज्याच्या शब्दावर उठून पुढे जातो तो अधिकारी त्याला आपला वाटावा लागतो.

याच रेजिमेंटने २० जुलैला येचॉन गाव परत घेतले. ६ ऑगस्टला विल्यम थॉम्प्सन या शिपायाने आपली प्लाटून मागे हटेपर्यंत मशीनगन सोडली नाही आणि तिथेच प्राण दिला. त्याला ‘मेडल ऑफ ऑनर’ मिळाले, आणि १९५१ मधल्या शौर्यासाठी त्याच रेजिमेंटच्या सार्जंट कॉर्नेलियस चार्ल्टन यांनाही मरणोत्तर. लष्कराच्या इतिहास विभागाने १९९६ मध्ये नवा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात रेजिमेंटच्या उणिवा मान्य करून त्यांचे मूळ पृथक्करणात आणि त्यातून आलेल्या अविश्वासात दाखवले आहे. सैनिकी दृष्टीने मला तोच निष्कर्ष बरोबर वाटतो.

सह्यवासी

मेजरसाहेब, आपल्या अनुभवाचा हा प्रतिसाद फार मोलाचा आहे. त्याला जोडून लष्करी न्यायालयांची हकिगत सांगतो.

त्या उन्हाळ्यात शत्रूसमोर कर्तव्यच्युती केल्याच्या आरोपाखाली २४व्या रेजिमेंटमधल्या अनेकांवर खटले चालले. लेफ्टनंट लिऑन गिल्बर्ट यांना देहदंड झाला, पुढे तो ट्रूमन यांनी वीस वर्षांच्या कैदेवर आणला. १९५१ च्या सुरुवातीला वकील थर्गुड मार्शल, जे पुढे सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले, टोकियोला आणि तिथून कोरियाला गेले. कैद्यांना एकेकटे भेटून आणि खटल्यांच्या नोंदी चाळून त्यांनी दाखवले की या आरोपाखाली ३२ कृष्णवर्णीय दोषी ठरले होते आणि गोरे फक्त दोन. जन्मठेपेचे काही खटले तर तासाभराच्या आत उरकले होते. बचावाच्या वकिलांना आरोपींशी बोलायलाही वेळ मिळाला नव्हता. मार्शल यांच्या प्रयत्नाने बऱ्याच जणांच्या शिक्षा कमी झाल्या.

आता जो क्रम मी वर अर्धवट सोडला होता तो पुरा करतो. दहा टक्क्यांची मर्यादा उठल्यामुळे कृष्णवर्णीय भरती वाढली आणि त्याच वेळी युद्धामुळे रोज नव्या रंगरुटांचे लोंढे प्रशिक्षण केंद्रांवर येऊ लागले. दक्षिण कॅरोलायनातल्या फोर्ट जॅक्सनवर ऑगस्ट १९५० मध्ये अशी अवस्था आली की एकेका वर्णाची कंपनी भरेपर्यंत माणसे थांबवून ठेवणे अशक्य झाले. तिथले प्रमुख ब्रिगेडियर जनरल फ्रँक मॅककॉनेल यांनी नियम तपासले आणि आलेल्या क्रमाने सगळ्यांना एकत्र भरायला सुरुवात केली. काहीही विपरीत घडले नाही. कोरियातही तेच होत होते. गोऱ्या बटालियनींमधल्या जागा मृत आणि जखमींमुळे रिकाम्या, आणि वेगळ्या तुकड्यांमध्ये मंजुरीपेक्षा जास्त माणसे. ९व्या इन्फन्ट्री रेजिमेंटसारख्या ठिकाणी अधिकाऱ्यांनी वरून हुकूम येण्याची वाट न पाहता मिळेल तो सैनिक आपल्या कंपनीत घेतला.

एप्रिल १९५१ मध्ये कोरियातल्या युद्धाचे सरसेनापती मॅकार्थर यांच्या जागी मॅथ्यू रिजवे आले. पृथक्करण त्यांना अमेरिकी मूल्यांच्या विरुद्ध आणि सैनिकी दृष्टीने चुकीचे वाटत होते. मे महिन्यात त्यांनी सर्व तुकड्या एकत्र करण्याची परवानगी मागितली, जुलैमध्ये ती मिळाली आणि १ ऑक्टोबर १९५१ रोजी २४वी रेजिमेंट विसर्जित झाली. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाशी संलग्न संशोधकांनी कोरियात जाऊन पाहणी केली, तिचा निष्कर्षही एकत्रीकरणाच्याच बाजूचा होता. युरोपातल्या तुकड्यांमध्ये हे काम १९५२ मध्ये सुरू झाले.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की युद्धाच्या गरजेने पृथक्करण मोडले हे खरे असले, तरी गरज १९४४ मध्येही होती आणि तेव्हा युद्ध संपताच त्या प्लाटूनी मोडून जुनी व्यवस्था परत आली. १९५० मध्ये ती परत आणता आली नाही, कारण मर्यादा उठलेली होती, प्रशिक्षणाची दारे उघडलेली होती आणि मॅककॉनेल यांच्यासारख्या अधिकाऱ्याला आधारासाठी नियम हाताशी होता. हे श्रेय रँडॉल्फ यांच्या दबावाचे आणि फाही समितीच्या चिवट कामाचे आहे.

वैदेही_द

हे वाचताना डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना लिहिलेले पत्र आठवले. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांनी मागितली होती आणि अस्पृश्यांची स्थिती व त्यांची स्थिती यांत मोठे साम्य आहे, असे लिहिले होते. ड्यू बॉइस यांनी आस्थेने उत्तरही दिले.

सैन्यातली नोकरी हा आपल्याकडेही स्वाभिमानाचा प्रश्न होता. महारांची भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद झाली, पहिल्या महायुद्धात उभारलेली १११वी पलटण युद्धानंतर मोडली, आणि बाबासाहेबांच्या पाठपुराव्याने १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. इथे एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे मागणी स्वतंत्र रेजिमेंटची होती, तिथे रँडॉल्फ यांची मागणी स्वतंत्र तुकड्या मोडण्याची होती.

निवृत्त_मेजर

वैदेहीताई, हा फरक परिस्थितीतून आला आहे. ब्रिटिश भारतीय सैन्यात बहुतेक सगळ्यांचीच भरती जातवार आणि प्रांतवार होती. ज्या जातीची रेजिमेंट किंवा कंपनी नाही तिला सैन्यात प्रवेशच नाही, अशी अवस्था होती. त्यामुळे वेगळी रेजिमेंट मिळणे म्हणजे इतरांच्या बरोबरीने नाव लागणे. अमेरिकेत कृष्णवर्णीयांना वेगळ्या तुकड्या आधीपासून होत्या आणि त्यांचा उपयोग त्यांना खालच्या कामात अडकवून ठेवण्यासाठी होई. दोन्हीकडे मागणी सन्मानाचीच होती.

अनामिक_पथिक

शेवटचा प्रश्न विचारतो. छावणीत सगळे एकत्र राहू लागले तरी छावणीच्या फाटकाबाहेर दक्षिणेतले कायदे तसेच होते. सैनिकांच्या कुटुंबांचे काय होत असे? आणि युद्धातून परतलेल्यांना सरकारी सवलती तरी समान मिळाल्या का?

कोलंबियाकर

सवलतींविषयी मी लिहितो. १९४४ च्या माजी सैनिक कायद्यात शिक्षण, घर आणि व्यवसायासाठी मोठी मदत होती आणि कायद्याच्या शब्दांत वर्णभेद नव्हता. पण कर्ज स्थानिक बँकेने द्यायचे होते. १९४७ मध्ये मिसिसिपीतल्या १३ शहरांची पाहणी झाली, तेव्हा सरकारी हमीवर दिलेल्या ३,२२९ कर्जांपैकी फक्त दोन कृष्णवर्णीय माजी सैनिकांना मिळाली होती. ज्या पिढीने या कायद्याच्या आधारे घरे घेतली त्या घरांच्या किमती पुढे वाढत गेल्या आणि मुलाबाळांना वारसा म्हणून मिळाल्या. आजच्या संपत्तीतल्या दरीचा विचार करताना हे कर्ज न मिळणे विसरून चालणार नाही.

सह्यवासी

पथिक, छावणीच्या हद्दीतल्या शाळांमध्ये मुलांना वर्णानुसार वेगळे बसवणे बंद करण्याचा संरक्षणमंत्र्यांचा आदेश जानेवारी १९५४ मध्ये निघाला, म्हणजे शाळांतले पृथक्करण घटनाबाह्य ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या प्रसिद्ध निकालाच्या काही महिने आधी. अंमलबजावणीसाठी १९५५ च्या सप्टेंबरची मुदत होती. फाटकाबाहेरच्या भाड्याच्या घरांना, उपाहारगृहांना आणि बसथांब्यांना मात्र लष्कर बराच काळ हात लावत नव्हते. संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनामारा यांनी २६ जुलै १९६३ रोजी, ट्रूमन यांच्या आदेशाला बरोबर पंधरा वर्षे झाली त्या दिवशी, भेदभाव करणाऱ्या बाहेरच्या ठिकाणांच्या विरोधात प्रयत्न करण्याची जबाबदारी प्रत्येक तळप्रमुखावर टाकली. अशी ठिकाणे सैनिकांसाठी निषिद्ध ठरवण्याचा मार्गही त्यात ठेवला होता, पण त्यासाठी वरची मंजुरी लागे.

राज्यांच्या अखत्यारीतल्या नॅशनल गार्ड या राखीव दलाला १९४८ चा आदेश लागूच नव्हता. न्यू जर्सीने १९४७ च्या आपल्या राज्यघटनेतच गार्डमधले पृथक्करण बंद केले होते, तर दक्षिणेतल्या अनेक राज्यांचे गार्ड १९६० च्या दशकापर्यंत गोऱ्यांचेच राहिले. तो विषय मोठा आहे आणि १९५७ च्या लिटल रॉक इथल्या शाळाप्रवेशाच्या प्रकरणाशी जोडलेला आहे. पुढच्या महिन्यात त्यावर स्वतंत्र धागा काढेन.